राजाच्या गाडीची तीन मिनिटं

आमच्या राजाला तुम्ही काय वाट्टेल ते बोला. बापावरून बोला, गावावरून बोला, टकलावरून बोला, तो ऐकून घेईल आणि वर हसेल. पण त्याच्या चालू गाडीची चावी काढा, मग बघा. खिडकीतून आत गेलेला हात बाहेर येताना सरळ यायचा नाही. फुशारकी मारत नाहीये मी. बायको आहे त्याची, मोडलेलं मनगट या डोळ्यांनी बघितलंय.

राजरत्न त्याचं नाव. एवढं लांब नाव घ्यायला वेळ कुणाला आहे, सगळे राजाच म्हणतात, मीसुद्धा. नवऱ्याला अरे-तुरे करते म्हणून सासूने पहिली दोन वर्षं तोंड वाकडं केलं, मग थकली. अहो, आंबिवलीला एका चाळीत वाढलो आम्ही. नाकात शेंबूड होता तेव्हापासून बघतेय त्याला, आता कुठून आणू ते अहो-जाहो?

एकोणीस वर्षांचा असताना तो आंबिवली स्टेशनजवळ चांगदेवमामांच्या गॅरेजात कामाला लागला. मामा म्हणजे कुणाचे सख्खे नाहीत, अख्ख्या गॅरेज लाईनीचे मामा. डिझेल गाडीचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायचे आणि तोंडाआधी हात चालवायचे. एकदा एक गाडी कसारा घाट उतरून भरधाव आली. राजाने ती दारात लावली आणि लगेच बंद केली. मामांनी पुढे येऊन बोनेट उघडलं, राजाचं मनगट धरलं आणि उजवा तळहात टर्बोच्या लोखंडावर दाबून ठेवला. कातडं चरचरलं. राजा गुरासारखा ओरडला तरी मामांनी पाच आकडे मोजून मगच सोडला. म्हणाले, 'आता कळलं आत केवढी आग आहे? आता नाही विसरणार.' तो डाग अजून आहे, रुपयाएवढा, गुळगुळीत. आणि आमचे हे शहाणे तो लोकांना कौतुकाने दाखवतात, 'मामांनी शिकवलं मला.' मी म्हटलं, मला कुणी असं शिकवलं असतं ना, तर पान्याने त्याचे दात मोजले असते.

टर्बो म्हणजे काय ते मला लग्नाच्या आधीच पाठ झालेलं. दुसऱ्या पोरी होणाऱ्या नवऱ्याबरोबर कल्याणच्या काळा तलावावर भेळ खायच्या, मी टर्बो ऐकायचे. 'माया, इंजिनाचा धूर फुकट जातो ना, त्या धुराच्या जोरावर आत एक पंखा फिरतो. मिनिटाला लाखाच्या वर फेरे. तो इंजिनाला जादा हवा पाजतो, म्हणून एवढुशा इंजिनाला घाट चढायची ताकद येते. आणि त्याची दांडी फिरते कशावर? तेलावर. दुधावर साय असते तेवढं तेल. गाडी बंद केली की तेल थांबतं, पण पंखा गरगरतोच आहे आणि सगळं लालबुंद. मग आहे ते तेल तिथेच करपतं. रोज थोडं करपलं की एक दिवस दांडी खलास.' म्हणून लांबून आल्यावर तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तेल फिरून सगळं निववतं. आणि सकाळी उलटं. तेल खाली बसलेलं असतं, ते वर चढायला मिनिटभर द्यायचं, मगच हलायचं. 'झोपेतून उठल्या उठल्या तुला कुणी पळवलं तर?' असं मला विचारायचा. मी म्हणायचे, मला रोज पळवतातच की, नळाला पाणी आलं की.

पुढे त्याने स्वतःची टुरिस्ट गाडी घेतली, सात सीटांची, पिवळ्या पाटीची, आणि आम्ही डोंबिवली वेस्टला कोपरला राहायला आलो. तिसरा मजला. नाशिक, शिर्डी, एअरपोर्ट, जिथे भाडं मिळेल तिथे जायचा. सकाळचं मिनिट तो स्वतः बघायचा. संध्याकाळचं काम माझ्याकडे आलेलं, कारण दहा तास गाडी चालवून आलेल्या माणसाला आधी संडास आठवतो, टर्बो नाही. तो गाडी लावून चालूच ठेवायचा आणि वर पळायचा. मी खाली येऊन त्याच्या सीटवर बसायचे, तीन मिनिटं झाली की चावी फिरवून वर जायचे. खरं सांगू? मला आवडायचं ते. दिवसभरात तेवढा वेळ मला कुणी हाक मारायचं नाही.

आता त्याच्या रागाचं सांगते. सात वर्षं झाली, ठाण्याला कापूरबावडीच्या सिग्नलला कुणाची तरी गाडी ह्याच्या गाडीला घासली. तो माणूस उतरला, वर ह्यालाच शिव्या देत खिडकीतून हात घातला आणि खस्सकन चावी काढून घेतली. आपल्याकडे लोकांना ही एक घाण सवय आहे, भांडण झालं की पहिली समोरच्याची चावी काढायची. गाडी नाशिकहून तापून आलेली. राजाने तो हात आतच धरला आणि खिडकीच्या काठावर दाबला. मनगट मोडलं. मग खाली उतरून दोन दात पाडले. दोन रात्री लॉकअप, मग कोर्टाच्या खेपा. शेवटी मिटलं, पण पोलीस स्टेशनचे साहेब म्हणाले ते माझ्या कानात बसलं. 'तुझा टुरिस्ट गाडी चालवायचा बॅज आहे ना? त्याला आमचा चारित्र्याचा दाखला लागतो. पुन्हा कुणाच्या अंगाला हात लावलास तर तो बॅज विसर.' बॅज गेला की गाडी गेली, गाडी गेली की आम्ही गेलो. एवढं साधं आहे आमचं.

परत येताना रिक्षात मी त्याचा तोच भाजका हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. तो म्हणाला, 'माया, डोकं फिरलं की मला ऐकू येत नाही गं काही.' मी म्हटलं, माझं ऐकू येईल. तुझा हात उठला की मी ओरडेन, तू थांबायचं. झालं, ठरलं. आणि सात वर्षं ते चाललं. पेट्रोल पंपावर चाललं, टोलनाक्यावर चाललं, माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नात चाललं. 'राजा!' एवढंच ओरडायचं. हात वर गेलेला असायचा, तिथेच थांबायचा. लोक म्हणायचे, बाईने माणूस कसा धाकात ठेवलाय. धाक कसला, पोटाचा प्रश्न होता.

आमच्या खाली तळमजल्यावर धनेश आणि त्याची आई वासंतीमावशी राहतात. खाडीवरचे जुने कोळी, आम्ही येण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. मावशीने चाळीस वर्षं मासळी विकली, आता दम्याने घरात बसलीय. धनेश इंटरनेटच्या वायरी टाकतो. खांबावर असा सरसर चढायचा की बघत राहावं. तोंडाने फटकळ, पण आईसाठी जीव टाकायचा. तिला जेवायला बसवल्याशिवाय पोरगा कामावर गेलेला मी बघितला नाही.

गल्ली आमची पुढे बंद. गाडी सरळ आत घालायची, वळवायला जागा नाही. म्हणजे गाडीचं नाक भिंतीला आणि सायलेन्सर बरोबर मावशीच्या खिडकीपाशी. आता घ्या. रोज सकाळी मिनिटभर आणि रोज संध्याकाळी तीन मिनिटं डिझेलचा धूर म्हातारीच्या पलंगावर. धनेश आधी नीट बोलायला आलेला. म्हणाला, 'दादा, स्टेशनपासून इथपर्यंत गाडी ट्रॅफिकमध्ये रांगतच येते ना? तेवढ्यात होत नाही का थंड?' पोरगा शंभर टक्के बरोबर बोलत होता. पण राजाला मामांनी तीन मिनिटं शिकवलेली, हात भाजून शिकवलेली, ती ब्रह्मदेव आला तरी कमी होणार नव्हती. हा म्हणाला, 'खिडकी लावून घे.' मेल्या, असं बोलतात?

दुसऱ्या दिवशी राजा गाडी लावून उतरला तोच धनेश आला, हात घातला आणि चावी फिरवली. गाडी बंद. राजाने त्याचा गळाच धरला, दोन्ही हातांनी, आणि भिंतीवर आपटला. धनेशचे पाय जमिनीवरून उचलले गेलेले. मी कोपऱ्यावर भाजी घेत होते, पिशवी टाकून ओरडले, 'राजा!' हात सुटले. धनेश खाली बसून खोकत राहिला, गळ्यावर बोटं उमटलेली. राजा सगळ्या गल्लीसमोर म्हणाला, 'पुन्हा चावीला हात लावलास तर तो हात ठेवणार नाही मी.' त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. धनेशने पुन्हा कधी चावीला हात लावला नाही. हे मला माहितीय, कारण त्यानंतर चावीला हात मी लावत होते.

झालं असं. एका संध्याकाळी मी गाडीत बसलेले आणि मागून मावशीचा खोकला सुरू झाला. खोकला म्हणजे काय, आत काहीतरी फाटतंय असं वाटायचं. मध्येच थांबायचा आणि मग श्वासाची शिट्टी. मग खिडकीच्या गजाला धरून मावशी म्हणाली, 'माया गो, मना दम लागतंय. बंद कर ना ती गारी.' कोण बाई बंद करणार नाही, सांगा मला. मी चावी फिरवली. गाडी गप्प झाली. मी उतरून खिडकीपाशी गेले, तशी मावशीने गजातून हात काढून माझ्या डोक्यावरून फिरवला. राजा मागच्या बाजूच्या मोरीत अंघोळीला गेलेला, नळाच्या धारेत त्याला काही कळलं नाही.

मग ते रोजचंच झालं. तो वर गेला, दार लागलं की मी दहा आकडे मोजायचे आणि बंद. उरलेला वेळ मावशीच्या खिडकीपाशी थांबायचे, म्हणजे वर लवकर पोचायला नको. मावशी कधी वाटीभर जवळा द्यायची गजातून, कधी नुसतीच गप्पा मारायची. धनेशलाही आम्ही सांगितलं नाही. मी म्हटलं मावशी, त्याच्या पोटात राहायचं नाही, भांडणात बोलून जाईल. तिला पटलं. असे पाच महिने गेले.

पाच महिन्यांत दोनदा राजाने पकडलं. पकडलं म्हणजे मला नाही. टाकीचं पाणी संपलेलं म्हणून तो लवकर बाहेर आला आणि गॅलरीतून ओरडला, 'गाडी बंद कशी?' मी तोपर्यंत गाडीतून उतरलेले. माझ्या तोंडून गेलं, 'काय माहीत बाई, मी नळावर होते.' बस, एवढंच. त्याचे डोळे आपोआप धनेशच्या खिडकीकडे गेले. मी ते बघून जिना चढले. दुसऱ्यांदाही हेच. त्या रात्री जेवताना तो म्हणाला, 'पुढच्या महिन्यात बॅज रिन्यू आहे. तो होऊ दे एकदा.' मी म्हटलं, होऊ दे म्हणजे काय? तो भात कालवत राहिला. मी म्हटलं, राजा, शपथ आहे माझी. 'हो गं, आहे लक्षात,' म्हणाला. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण मला वाटलं, बॅज होऊ दे, शांत झाला की सांगू, हसेल मग.

तो एप्रिलचा रविवार. साडेपाच वाजलेले, ऊन अजून गल्लीत होतं. राजा नाशिकहून आला, पाहुणे ठाण्याला उतरवून. चेहरा उतरलेला. म्हणाला, 'घाटात ओढत नव्हती आज. निळा धूर टाकतेय. बॅजचा दाखला आला नाही अजून, आणि हिने आत्ताच दुखणं काढलं. तीन मिनिटं पुरी दे हं आज.' मी हो म्हटलं. तो वर गेला. मी सीटवर बसले. मागे खोकला सुरू झाला, आज जास्तच, तो निळा धूर सगळा आत जात होता. मी दहा मोजले आणि चावी फिरवली.

डॅशबोर्डचे दिवे गेले. इंजिन गेलं नाही.

मला आधी कळेचना. चावी पुन्हा चालू-बंद केली. इंजिनाचा आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागला. कुणी पाय ठेवलेला नाही, आणि आवाज वाढतोय, वाढतोय, आधी गुरगुर, मग किंकाळी. मामांनी नंतर सांगितलं, टर्बोचं सील फुटलेलं, इंजिन स्वतःचंच तेल ओढून प्यायला लागलेलं, आणि डिझेल इंजिनाला तेल मिळालं की चावीची गरज उरत नाही, ते फुटेपर्यंत पळतं. तेव्हा मला यातलं काय माहीत? गाडी थडथडत होती, काचा वाजत होत्या. मागून पांढरा-निळा धूर असा सुटला की गल्ली दिसेनाशी झाली. लोक किंचाळत पळायला लागले. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलेले, जसं काही मीच तिला धरून ठेवलंय.

राजा टॉवेलवर खाली आला, डोक्याला साबण तसाच. दार उघडून त्याने मला दंडाला धरून बाहेर फेकलं. फेकलंच. माझं कोपर फुटलं. स्वतः आत बसला, ब्रेकवर उभा राहिला, इंजिन गुदमरून बंद पडावं म्हणून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने अशी उडी घेतली की नाक भिंतीत घुसलं. विटा पडल्या, काच फुटली. इंजिन दोन हिसके देऊन मेलं. एकदम शांतता. बोनेटखालून तेल ठिबकत होतं.

तेवढ्यात धनेश नाक्यावरून धावत आला. त्याने आधी घर गाठलं, धुरात घुसला आणि मावशीला उचलून बाहेर पायरीवर आणून बसवलं. तिचे ओठ जांभळे पडलेले. दम्याचा पंप तिच्या तोंडात दिला, एका बाईला धरायला सांगितलं आणि मग तो वळला. राजा गाडीतून उतरतच होता. धनेशने हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. 'आईला मारतोस माझ्या? हरामखोर, आईला मारतोस?' राजाच्या नाकातून रक्ताची धार लागली, छातीवरच्या साबणात मिसळली. त्याने ती पुसलीसुद्धा नाही. तो हळू आवाजात बोलला, म्हणून मला भीती वाटली.

'इतके महिने तू चोरून चावी मारलीस. माझा टर्बो खाल्लास तू.'

'मी?' धनेश ओरडला. 'एकदा मारली ती मारली! त्यानंतर हात लावलाय का कधी? कोण बोललं तुला?'

राजाने मागचा दरवाजा उघडला आणि चाकं खोलायचा पाना काढला. दीड हात लांब, लोखंडी.

मी गाडीच्या बाजूला उभी होते. चार पावलांवर. पहिला घाव धनेशच्या खांद्यावर बसला, तो वाकला. दुसरा त्याने हातावर घेतला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, ओली काठी मोडते तसा. धनेश गुडघ्यावर आला आणि म्हणाला, 'दादा, नाही रे, आईशपथ नाही.' तिसरा पाठीत बसला. मध्ये पडायची कुणाची टाप नव्हती. पायरीवर मावशी उठायला बघत होती. तिने तोंडातला पंप काढून टाकला आणि हात वर केला. तिचे ओठ हलत होते. 'त्यानं नाय... त्यानं...' पुढे नुसती शिट्टी. आवाजच येत नव्हता. मग तिने माझ्याकडे बघितलं. त्या सगळ्या गल्लीत खरं काय ते आम्हा दोघींनाच माहीत होतं.

मला 'राजा' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. सात वर्षं हजार वेळा ओरडलेले. मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतंय. आणि मनात आलं, आता ओरडले तर तो थांबेल, वळेल आणि विचारेल. मग मला सांगावं लागेल. आणि पाना त्याच्या हातात आहे. खोटं कशाला बोलू, मला माझ्या डोक्याची भीती वाटली. एकोणीस वर्षांच्या संसारात त्याने माझ्यावर बोट उचललेलं नाही. तरी वाटली. मी मूग गिळून उभी राहिले. चौथा घाव धनेशच्या डोक्यात बसला.

मग तो पडला तसा उठला नाही. कानातून रक्त आलं. राजाचा हात आपणहून खाली आला. तो माझ्याकडे बघायला लागला, जरा गोंधळून, मी कुठे होते असं विचारल्यासारखा. मग पाना टाकून तिथेच भिंतीच्या विटांवर बसला. पोलीस येईपर्यंत हलला नाही. लोकांनी मारलं त्याला, पोटात लाथा घातल्या, तेव्हाही हात वर केला नाही.

पूर्वी कलम तीनशे सात म्हणायचे, आता नवीन नंबर आलाय म्हणे, अर्थ तोच, जीव घ्यायचा प्रयत्न. बॅजचं कुणाला विचारायची गरजच उरली नाही. दुसऱ्या दिवशी मला लॉकअपमध्ये भेटू दिलं. एक डोळा सुजून बंद झालेला. मी गजाला धरून सगळं सांगितलं. दहा आकडे, मावशी, नळावर होते म्हटलेलं, सगळं. रडत सांगितलं, लाज सोडून. मला वाटलं आता थुंकेल तोंडावर, थुंकावं, बरं वाटेल मला. तो म्हणाला, 'हे इथे कुणाला सांगू नकोस. तुलाही ओढतील यात. दर्शनाचं कॉलेज आहे, लेकीपाशी घरात कुणीतरी पाहिजे.' आणि मग म्हणाला, 'कोपराला काय लागलंय? टीटीचं इंजेक्शन घे.' मी बाहेर येऊन पोलीस स्टेशनच्या पायरीवर बसले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेतल्या. लोक बघत होते, बघू देत.

दोन दिवसांनी चांगदेवमामा आले. पंच्याहत्तरीचे झालेत, हात थरथरतो आता. गल्लीत गोणपाट टाकून त्यांनी टर्बो खोलला, दांडी बोटाने हलवून बघितली. मी विचारलं, मामा, मी लवकर बंद करायचे, त्याने मेला का? म्हणाले, 'छे गं. दोन लाख नव्वद हजार किलोमीटर झालेत, सील वयाने गेलंय. आणि स्टेशनपासून रांगत येते गाडी, इथे पोचेपर्यंत थंडच असते ती. वर अर्धं मिनिट पुरे.' मग तीन मिनिटं कशाला शिकवलीत त्याला? मामा फडक्याने हात पुसत राहिले. 'सवय लागावी म्हणून,' म्हणाले. मला वाटलं तो टर्बो उचलून घालावा ह्यांच्या टाळक्यात. शेवटी चहा करून दिला.

धनेश ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात होता. डोक्याचं ऑपरेशन झालेलं. नऊ दिवस डोळे उघडले नाहीत, दहाव्या दिवशी उघडले. वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय धड हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने बघू. खांबावर चढायचं नाव नको.

मी अकराव्या दिवशी गेले. आधी जायची हिंमत झाली नाही, झाली नाही तर नाही. डबा नेलेला, मऊ भात आणि वरण. मावशी वॉर्डाबाहेर बाकावर बसलेली, पंप मुठीत. मला बघून उठून मारेल, शिव्या देईल, असं धरूनच चाललेले. पदरात धोंडे घेऊन गेले असते तिला द्यायला. तिने बाजूची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा केली.

मी बसले. म्हटलं, मावशी, मी आत्ता जाऊन पोलिसांना खरं सांगते. धनेशला सांगते. तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तसं सांगते. मी लवकर बंद करायचे ते तुमच्यासाठी करायचे, तुम्हाला माहितीय ना? वाईट मनात नव्हतं हो माझ्या. बोलत सुटले. माझं तोंड तुम्हाला आता माहीतच झालंय, एकदा सुटलं की थांबत नाही.

ती ऐकत होती. मध्ये एकदा तिने पंप ओढला. मग माझ्याकडे वळली, रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखी.

'मना वरडाला दम नव्हता गो बाय,' ती म्हणाली. 'तुना काय झालतं?'